दारूचे उपचार आणि कामावर परतणे: दोन्ही एकाच वेळी कसे चालवावे

"आधी दारू पूर्ण सुटू दे, कामाचं मग बघू," असे घरचे म्हणतात. "काम लागलं की दारू आपोआप सुटेल," असे पिणारा म्हणतो. चार-पाच वर्षे घरी बसलेल्या माणसाच्या बाबतीत दोन्ही गोष्टी फसतात. व्यसनमुक्ती केंद्रातून परतलेल्या माणसाचा सकाळी दहा ते संध्याकाळी सहा हा वेळ रिकामा असतो, खिशात स्वतःचा पैसा नसतो, घरात शब्दाला किंमत नसते. नाक्यावरचे जुने सोबती मात्र तसेच असतात. उलट, रोज सकाळी घेणारा माणूस न पिता थेट कामावर गेला तर दुपारपर्यंत हात कापू लागतात, आणि परांचीवर असताना आकडी आली तर जीव जातो.

म्हणून उपचार आणि काम एकाच आराखड्यात बसवायचे. कल्पना नवी नाही. अमेरिकेत जॉर्ज हंट आणि नेथन अझ्रिन यांनी १९७३मध्ये दारूच्या रुग्णांना नोकरी शोधायला, घर सावरायला आणि दारूविना वेळ घालवायला मदत देऊन पाहिले. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांपेक्षा ही माणसे कमी प्यायली आणि कमी दिवस बेकार राहिली. पुढे गंभीर मानसिक आजारांसाठी रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी बसवलेल्या पद्धतीचे सूत्रही असेच आहे: 'मला काम हवंय' एवढे म्हणणे हीच पात्रता, बाकी तयारी कामासोबत होते.

खालची पद्धत समुपदेशक, गावातले कार्यकर्ते आणि नातेवाईक यांच्यासाठी आहे. औषधांची माहिती समज यावी म्हणून दिली आहे. डोस डॉक्टरच ठरवतील.

पहिल्या भेटीत दोन कागद

एकाच फायलीत एक कागद दारूचा, एक कामाचा. दोन वेगळ्या संस्थांकडे दोन फायली गेल्या की एकीला दुसरीचे कळत नाही, आणि फॉलोअपची तारीख नेमकी कामावर रुजू होण्याच्या दिवशी पडते.

दारूच्या कागदासाठी जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' ही दहा प्रश्नांची चाचणी पुरते. एकूण गुण ४०. ८ किंवा अधिक म्हणजे पिणे धोक्याचे. २० किंवा अधिक असतील तर अवलंबित्वाची दाट शक्यता, तिथे मनोविकारतज्ज्ञ हवाच. मात्र गुणांपेक्षा पुढचे प्रश्न जास्त कामाचे: शेवटचा घोट किती वाजता घेतला? सकाळी उठल्या-उठल्या लागते का? मागे बंद केली तेव्हा आकडी आली होती का, भास झाले होते का? कावीळ, रक्ताची उलटी, मधुमेह, डोक्याला मार? सोबत झोपेच्या गोळ्या किंवा गांजा? "रोज किती घेता?" याचे उत्तर नेहमी कमी येते. त्याऐवजी "किती क्वार्टर, कुठल्या दुकानातून, उधारी किती" असे विचारले की आकडा खऱ्याच्या जवळ जातो.

कामाच्या कागदावर शेवटचे टिकलेले काम, ते किती दिवस टिकले आणि कशाने सुटले हे लिहा. मालकाने काढले, कारखाना बंद पडला, भांडण झाले, की पगाराच्या दुसऱ्या दिवशी खाडे पडत गेले? शेवटचे कारण असेल तर पुढचा अर्धा आराखडा पगाराच्या दिवसाभोवतीच बांधावा लागेल. देण्यांची यादी नावानिशी करा. मग कागदपत्रे पाहा. आधारला चालू मोबाइल जोडलेला आहे का, बँकेचे खाते जिवंत आहे का? दोन वर्षे व्यवहार नसेल तर खाते निष्क्रिय होते आणि केवायसी करून पुन्हा सुरू करावे लागते. हे काम पगार अडकल्यावर करण्यापेक्षा उपचाराच्या दुसऱ्या आठवड्यात उरकलेले बरे.

२०१९च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी साधारण एकालाच कोणतेही उपचार मिळाले होते. समोर आलेला माणूस त्या एकाच्या जागी आहे, तेव्हा पहिल्या भेटीत उपदेश नको.

दारू थांबवताना

रोज पिणाऱ्याने घरच्या घरी एका दिवसात दारू बंद करू नये. शेवटच्या घोटानंतर ६ ते १२ तासांत थरथर, घाम, मळमळ आणि धडधड सुरू होते. आकडीचा धोका पहिल्या ४८ तासांत जास्त असतो. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी काहींना भ्रम होतो: वेळ-जागा कळत नाही, भिंतीवर किडे दिसतात, ताप चढतो. ही जिवावरची अवस्था आहे. घरचे तेव्हा "बाहेरची बाधा" म्हणून दोन दिवस घालवतात आणि तेच दोन दिवस महागात पडतात. १०८ला फोन करून रुग्णालय गाठावे.

मागे आकडी किंवा भ्रम झालेला, रोज सकाळी लागणारा, पोटात पाणी किंवा कावीळ असलेला, साठीपुढचा, घरात सांभाळायला कोणी नसलेला, आत्महत्येचे बोलणारा अशा प्रत्येकाला दाखलच करावे. बाकीच्यांचे उपचार बाह्यरुग्ण विभागातून होऊ शकतात, पण पहिले पाच दिवस रोज तपासणी हवी.

विथड्रॉवलसाठी, म्हणजे दारू थांबवल्यावर होणाऱ्या या त्रासासाठी, बहुधा क्लोरडायझेपॉक्साइड देतात आणि पाच ते सात दिवसांत उतरवत बंद करतात. यकृत बिघडलेले असेल किंवा वय जास्त असेल तर लोराझेपाम निवडतात. इथे नेहमी एक चूक होते. "गोळीने झोप चांगली लागते" म्हणून घरचे तीच चिठ्ठी पुन्हा-पुन्हा भरतात. दोन महिन्यांनी दारूच्या जागी गोळी बसलेली असते, आणि अशा सुस्तीत यंत्रावर काम करता येत नाही. गोळ्या नातेवाइकाकडे ठेवा आणि संपण्याची तारीख पाकिटावरच लिहा.

दुसरी चूक सलाइनची. थकलेला, न जेवलेला पिणारा दिसला की ग्लुकोजची बाटली लावली जाते. आधी थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन द्यायला हवे. ते दिले नाही तर मेंदूला इजा होऊ शकते: डोळे तिरपे होणे, तोल जाणे, नवे काही लक्षात न राहणे. ही इजा पक्की झाली तर पुढच्या कामाचे प्रशिक्षण डोक्यात टिकतच नाही. इंजेक्शनांचे दिवस संपल्यावर थायमिनच्या १०० मिलिग्रॅमच्या गोळ्या काही आठवडे ते महिने चालतात. स्वस्त आहेत, म्हणूनच बहुधा विसरल्या जातात.

केंद्र निवडताना नोंदणी आणि भेट देणारा मनोविकारतज्ज्ञ या दोन गोष्टी पाहा. रात्री गाडी घेऊन येतात, उचलून नेतात, तीन महिने कोंडतात, अशा जागांपासून लांब राहा. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७च्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित अवस्था येतात, त्यामुळे इच्छेविरुद्ध दाखल करण्यालाही कायद्याची प्रक्रिया लागते. महाराष्ट्रात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागातून सुरुवात करता येते. पुण्यात १९८६पासून चाललेल्या मुक्तांगणसारख्या केंद्रांत साधारण पाच आठवड्यांचा निवासी उपचार असतो. कुठे जायचे हेच कळत नसेल तर व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्याची टेलिमानस १४४१६, दोन्ही फुकट.

औषध आणि कामाचे स्वरूप

विथड्रॉवल संपल्यावर ओढ कमी करणारे औषध सुरू होते. ते निवडताना माणूस कोणत्या कामावर जाणार आहे हे डॉक्टरांना सांगा. सहसा कोणीच सांगत नाही.

डायसल्फिराम बहुधा दिवसाला २५० मिलिग्रॅम असते. त्यावर दारू घेतली की चेहरा लालबुंद, डोके ठणकणे, उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब घसरणे. हृदयविकार असलेल्याचा यात मृत्यूही होऊ शकतो. शेवटच्या घोटानंतर किमान २४ तास गेल्यावर ते सुरू करावे, आणि बंद केल्यावरही दोन आठवडे दारूशी त्याची झुंज होऊ शकते. सुरू करण्याआधी यकृताची तपासणी करावी आणि १०-१४ दिवसांनी पुन्हा. आता कामाकडे बघा. फर्निचरचे स्पिरिट पॉलिश, छपाईची द्रावणे, सॅनिटायझर बनवणे, रुग्णालयात स्पिरिटने सफाई, केशकर्तनालयातले आफ्टरशेव्ह या सगळ्यांत अल्कोहोल असते. वाफेने किंवा कातडीतूनही त्रास होऊ शकतो. पॉलिशवाल्याला हे औषध देणे म्हणजे काम आणि औषध यांपैकी एक सोडायला लावणे. काही खोकल्याची औषधेही चालत नाहीत.

आणि भाजीत, चहात चोरून ही गोळी घालू नका. हे बेकायदा तर आहेच, शिवाय माणूस मरू शकतो. वाचला तरी घरच्या जेवणावरचा त्याचा विश्वास कायमचा जातो. गोळी त्याच्या संमतीने, सगळ्यांसमोर, ठरलेल्या वेळी घ्यावी. झोप येत असेल तर रात्री.

नालट्रेक्झोन दिवसाला ५० मिलिग्रॅम, एकदाच, म्हणून पाळीच्या कामाला सोयीचे. ते घेणाऱ्यावर अफूवर्गीय वेदनाशामके चालत नाहीत. हाड मोडले तर ट्रामाडॉल किंवा मॉर्फिनचा परिणाम होणार नाही. बांधकाम, वेल्डिंग, प्रेस मशिन अशा जागी जाणाऱ्याने खिशात औषधाच्या नावाची चिठ्ठी ठेवावी आणि ठरलेल्या शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना सांगावे. अकॅम्प्रोसेट यकृताला सोपे, पण ३३३ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या दिवसातून तीनदा, आणि मूत्रपिंड ठीक हवे. दुपारचा डोस कामावर चुकतो, म्हणून तो डब्यातच ठेवा. यकृताचा सिरोसिस असेल तर तज्ज्ञ बॅक्लोफेनचा विचार करतात.

कामाची निवड

नव्या कामाचा विषय उपचाराच्या तिसऱ्या आठवड्यात काढा. पहिल्या आठवड्यात शरीर सावरते, दुसऱ्यात जेवण-झोप वेळेवर येते. तिसऱ्यात माणूस बसून दोन पर्याय बोलू शकतो. चौथ्यात मालकाची गाठ घालून द्या. केंद्रातून बाहेर पडताना हातात रुजू होण्याची तारीख हवी, आणि ती घरी गेल्यापासून सात दिवसांच्या आतली.

निवडताना पगारापेक्षा चार गोष्टी पाहा. पैसा कसा मिळतो: बँकेत महिन्याला, की रोज संध्याकाळी रोख? वेळ ठरलेली आहे का? शेजारी बघणारा कोणी आहे का? कामाच्या जागी किंवा वाटेत दारू आहे का? या कसोटीवर काही कामे पहिल्या वर्षी बादच: बार, ढाबा, लग्नातले केटरिंग, बँड, रात्रीचा एकट्याचा वॉचमन, आणि मजूर अड्ड्यावरची रोजंदारी. अड्ड्यावर दहापर्यंत काम मिळाले नाही तर दिवस कुठे जातो हे सगळ्यांना माहीत असते. चालकाची नोकरीही नको, विशेषतः आकडीचा इतिहास असेल तर. मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. ४२.८ टक्क्यांच्या एका क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. शरीर ते तासाला ७ ते १० ग्रॅमच्या वेगाने जाळते. रात्री दहाला दोन क्वार्टर घेणाऱ्याच्या रक्तात दुसऱ्या दिवशी सकाळी दहालाही दारू असू शकते. "रात्रीची होती, उतरली" हा समज इथेच मोडतो.

त्यापेक्षा पॅकिंग, रोपवाटिका, गोदामाची नोंद, शाळेची शिपाईगिरी, गोठा, छोट्या वर्कशॉपमध्ये हेल्पर ही कामे बरी. पूर्वीचा फिटर असेल तर "मी हेल्पर होणार नाही" असे तो म्हणेल. त्याच्याशी वाद नको. सहा महिन्यांनी जुन्या कामाची चाचणी द्यायची असे तारखेनिशी लिहून द्या.

पहिले दोन आठवडे दिवसाला चार तास, पुढचे दोन-तीन आठवडे सहा तास, मग पूर्ण पाळी. अनेक वर्षे न राबलेले शरीर आणि बी-१च्या कमतरतेने हातापायांना येणाऱ्या मुंग्या ध्यानात घेता हे आवश्यक आहे. पायांना बधिरता असेल तर शिडी आणि परांची नकोच. लक्ष आणि स्मरण सावरायला आठवडे-महिने लागतात, म्हणून कामाच्या सूचना तोंडी न देता कागदावर द्याव्यात. मात्र शिकाऊ म्हणून महिनाभर फुकट राबवू नका. हातात थोडा तरी पैसा पडला नाही तर माणूस कामावर टिकत नाही.

स्वयंरोजगाराचा मोह मोठा असतो. ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांचे निवासी प्रशिक्षण मोफत असते आणि शिकायला उत्तम. २०२३मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, गवंडी, शिंपी अशा १८ पारंपरिक व्यवसायांना प्रशिक्षणासोबत १५,००० रुपयांपर्यंत अवजारांची मदत मिळते. अवजारे घ्या, कर्ज पहिल्या वर्षी घेऊ नका. हातात एकरकमी पैसा येणे ही या माणसासाठी सर्वांत धोक्याची घटना. जुना पीएफ अडकलेला असेल तोही सहा महिने तसाच राहू द्या.

मालकाला किती सांगायचे

सगळे सांगायची गरज नाही. "मधली चार वर्षे तब्येतीमुळे काम नव्हतं, उपचार चालू आहेत, महिन्यातून एक दिवस दवाखान्यात जावं लागतं" एवढे पुरते आणि खरेही आहे. मालक ओळखीचा असेल आणि माणसाची तयारी असेल तर मोकळे सांगावे, पण तो निर्णय त्याचा. नातेवाइकांनी मालकाला परस्पर फोन करून "याच्यावर लक्ष ठेवा" म्हणू नये.

मालक, कामगार आणि कार्यकर्ता यांच्यात एक साधा कागद करावा. फॉलोअपची तारीख आधीच ठरलेली. न सांगता गैरहजर राहिल्यास सकाळी साडेनऊपर्यंत कार्यकर्त्याला फोन. उचल द्यायची नाही, कितीही गयावया केली तरी. दारू पिऊन आला तर त्या दिवशी काम नाही, पण नोकरीवरून लगेच काढायचे नाही. उचलीचे कलम सर्वांत जास्त मोडते, कारण मालकाला दया येते.

पगाराचा दिवस

पूर्ण आराखड्यात सर्वांत जास्त तयारी याच दिवसाची करा. पगार शनिवारी संध्याकाळी रोख न घेता आठवड्याच्या मधल्या दिवशी बँकेत पडेल असे पाहा. पहिले सहा महिने एटीएम कार्ड आणि यूपीआयचा पिन कोणाकडे असेल हे त्याच्या संमतीने ठरवा. सक्तीने हिसकावलेले कार्ड हे भांडणाचे निमित्त होते. बँकेच्या मेसेजवर दोघांचे लक्ष असावे. घरखर्च, देणी, बचत यांची रक्कम पगाराच्या दिवशीच वळती करा आणि रोजचा चहा-प्रवास एवढा पैसा त्याच्या हातात द्या. शून्य पैसा दिला की तो उधारीवर जातो. देणेकऱ्यांना आधीच भेटून प्रत्येकाचा छोटा हप्ता ठरवा. नाहीतर सगळे पहिल्या पगाराला दारात येतात, पाकीट रिकामे होते आणि "मग काम कशाला करू" हा प्रश्न उभा राहतो.

त्या संध्याकाळी पाच ते नऊ हा वेळ आधीच भरलेला हवा. अल्कोहोलिक्स अनॉनिमसची, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या परस्परमदत गटाची, सभा त्या दिवशी असेल तर उत्तम. तिथे फी नसते. घरच्यांसाठी अल-अॅनॉनचे गट आहेत. घरी जाण्याचा रस्ता दुकानावरून जात असेल तर रस्ता बदला, चार थांबे जास्त पडले तरी चालतील.

वर्षातल्या तारखाही फायलीत लिहून ठेवा. आषाढी अमावास्येची गटारी, धुळवड, कारखान्यातली खंडेनवमीची यंत्रपूजा आणि त्यामागची पार्टी, दिवाळीचा बोनस, ३१ डिसेंबर, आणि गावात निवडणूक. प्रत्येक तारखेच्या आदल्या आठवड्यात एक भेट ठेवा.

घसरण झाली तर

घसरण होतेच असे नाही, पण होऊ शकते हे धरून चाला. एक दिवस पिणे आणि पुन्हा रोज पिणे यांत फरक आहे, आणि तो पहिल्या तीन दिवसांत ठरतो. त्याच दिवशी कळवणाऱ्याला शिक्षा नाही, हा नियम आधीच सांगून ठेवा. पहिल्या २४ तासांत डॉक्टर किंवा समुपदेशकाला फोन. डायसल्फिराम चालू असेल आणि छातीत दुखत असेल, श्वास लागत असेल किंवा गरगरत असेल तर थेट रुग्णालय. ४८ तासांत भेट, ७२ तासांत कामावर परत. त्या दिवशी नशा पूर्ण उतरलेली असावी आणि पहिल्या दिवशी यंत्राऐवजी दुसरे काम द्यावे. तीन-चार दिवस सलग प्यायला असेल तर पुन्हा विथड्रॉवलचा धोका आहे, मग कामापेक्षा उपचार आधी.

नंतर शांतपणे शोधा: कोणता दिवस, किती वाजता, कोणासोबत, खिशात किती पैसे होते. बहुतेक वेळा उत्तर पगार, उपास, भांडण किंवा झोप न होणे यांत सापडते. रात्रपाळी हे कारण निघाले तर पाळी बदला.

बायकांच्या बाबतीत दोन फरक करावे लागतात. त्या फार उशिरा दाखवल्या जातात, आणि केंद्रांत त्यांच्यासाठी जागा कमी असते. मुलांना कोण सांभाळणार हा प्रश्न पहिल्या भेटीत सोडवला नाही तर दाखल होणेच टळते. पुरुषांच्या गटात त्यांना बसवू नका. धुणी-भांड्याच्या कामात पैसे रोख मिळतात आणि बघणारे कोणी नसते, त्यापेक्षा शिवणकामाचा गट किंवा अंगणवाडीतली मदतनीस बरी.

काय मोजायचे

दर महिन्याला एकाच पानावर न पिता गेलेले दिवस, हजेरीचे दिवस, न सांगता पडलेले खाडे, घेतलेल्या गोळ्या, फिटलेले देणे आणि वजन लिहा. यकृताची तपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा. पहिला महिना आठवड्याला भेट, दुसरा-तिसरा पंधरवड्याला, पुढे वर्षभर महिन्याला. नोकरी लागली म्हणून फाइल बंद करणे ही संस्थांची नेहमीची घाई. नोकरी लागल्यावरचे तीन महिने सर्वांत नाजूक असतात. एका कार्यकर्त्याकडे वीसच्या आसपास माणसे असतील तरच हे जमते.

ओढ कमी करणारी औषधे किमान सहा महिने चालू ठेवतात, अनेकांत वर्षभर. कधी थांबवायची हे डॉक्टरांसोबत ठरवा, मात्र सणाच्या किंवा बोनसच्या महिन्यात नको. काम बदलायचे असेल तर मधे रिकामा आठवडा राहू देऊ नका. शनिवारी जुने काम सोडले तर सोमवारी नव्या ठिकाणी हजर, आणि त्या आठवड्यात कार्यकर्त्याची एक जास्तीची भेट.